बिळांचा पट आणि प्राण्यांची हजेरी

(निसर्गविज्ञान व गणित यांचा समन्वित पाठ : इयत्ता ५ वी ते ७ वी)

पाठाचा हेतू

बिळात राहणाऱ्या प्राण्यांची गणती कशी करतात, तीत कॅमेऱ्याचा उपयोग कोणता, आणि दिसणाऱ्या खुणेवरून न दिसणाऱ्या वस्तूचे अनुमान काढताना कोणती दक्षता घ्यावी लागते, हे विद्यार्थ्यांना समजावून देणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे. शेकडेवारी आणि नमुना पाहणी यांचा प्रत्यक्ष व्यवहाराशी असलेला संबंधही या निमित्ताने स्पष्ट होईल. पहिली तासिका माहितीसाठी, दुसरी प्रयोगांसाठी व तिसरी उदाहरणांसाठी योजावी.

विषयप्रवेश

खेड्यातील मुलाला बीळ ही वस्तू नवी नाही. बांधावरचे उंदराचे, ओढ्याकाठचे खेकड्याचे, माळावरचे खोकडाचे अशी नाना प्रकारची बिळे त्याने पाहिलेली असतात. शिक्षकाने प्रथम विचारावे : "समजा, एका माळावर शंभर बिळे आहेत. तर तेथे प्राणी किती असतील?" बहुतेक मुले "शंभर" असे उत्तर देतील. पाठाचा आरंभ याच उत्तरापासून करावा.

या उत्तरातील चूक दाखवण्यास शाळेतलाच दाखला पुरेसा आहे. पटावर चाळीस नावे असली तरी वर्गात रोज चाळीस मुले बसलेली नसतात. बाजाराच्या दिवशी हजेरी एक असते, सुगीच्या दिवसांत दुसरी असते, आणि परीक्षेच्या दिवशी तिसरीच असते. पट पाहून हजेरी सांगता येत नाही. त्यासाठी वर्गात डोकावावे लागते. बिळांची संख्या हा पट होय. आत प्रत्यक्ष असलेले प्राणी ही हजेरी होय. मात्र बिळाच्या वर्गात डोकावणे सोपे नाही, म्हणूनच तेथे कॅमेऱ्याचे साहाय्य घ्यावे लागते.

विषयप्रतिपादन

(१) गोफर कासव आणि त्याचे बीळ

या विषयाचे एक चांगले अभ्यासलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील गोफर कासव. (नकाशात अटलांटिक महासागर व मेक्सिकोचे आखात यांच्या मधला प्रदेश दाखवावा.) लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, फ्लोरिडा व दक्षिण कॅरोलिना या सहा राज्यांतील वालुकामय जमिनीत हे कासव राहते. ते पाण्यातले नव्हे, जमिनीवरचे आहे. पूर्ण वाढलेल्या कासवाची पाठ सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. त्याचे पुढचे पाय फावड्यासारखे चपटे असून त्यांनी ते वाळू उपसते.

त्याचे बीळ सरासरी साडेचार मीटर लांब आणि दोन मीटर खोल जाते. काही बिळे याहून पुष्कळ लांब असतात. तोंडाचा आकार अर्धचंद्रासारखा असतो आणि पुढे उपसलेल्या वाळूचा ढीग असतो. बिळाची रुंदी साधारणपणे कासवाच्या लांबीइतकी असते, त्यामुळे कासवाला आत कोठेही वळता येते. बाहेर कडक ऊन असो, थंडी असो वा वणवा असो, आतली हवा फारशी बदलत नाही.

"आयत्या बिळावर नागोबा" ही म्हण मुलांना ठाऊक असते. गोफर कासवाच्या बिळात असे आयते बिऱ्हाड करणारे पुष्कळ आहेत. सुमारे ६० जातींचे पृष्ठवंशीय आणि सुमारे ३०० जातींचे अपृष्ठवंशीय प्राणी या बिळांचा आसरा घेतात, अशी नोंद आहे. त्यांत इंडिगो नावाचा मोठा बिनविषारी साप, गोफर बेडूक, फ्लोरिडा उंदीर इत्यादिकांचा समावेश होतो. कासव नाहीसे झाले तर बीळ खणणाराच उरत नाही, आणि काही काळाने या बिऱ्हाडकरूंचाही आसरा मोडतो.

(२) गणतीची निकड

या कासवाचे मुख्य वसतिस्थान म्हणजे लांब पानांच्या चीड वृक्षांची विरळ वने. ही वने एके काळी सुमारे ९ कोटी एकरांवर पसरलेली होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांचा सुमारे तीन टक्केच भाग शिल्लक राहिला. लाकूडतोड, शेती, घरबांधणी आणि नैसर्गिक वणवे विझवण्याची रीत यांमुळे हा ऱ्हास झाला. वणवा नसला म्हणजे झुडपे माजतात व कासवाचे खाद्य असलेले गवत दबते.

कासवांचे रक्षण करावयाचे तर ती किती उरली आहेत हे कळले पाहिजे. १९८७ साली टॉम्बिग्बी व मोबील या नद्यांच्या पश्चिमेकडील कासवांना केंद्रीय कायद्याने संकटग्रस्त ठरवून संरक्षण देण्यात आले. पूर्वेकडील कासवांना तसे संरक्षण देण्याची आवश्यकता नाही, असा निर्णय तेथील वन्यजीव खात्याने २०२२ साली दिला. असे निर्णय गणतीच्या आधारे होतात. गणती चुकली तर निर्णयही चुकण्याचा संभव असतो.

फ्लोरिडा राज्यात तर गणतीचा संबंध प्रत्यक्ष जीवन-मरणाशी होता. तेथे कासवे असलेल्या जागेवर बांधकाम करताना ती बिळांतच गाडली गेली तरी चालतील असे परवाने पूर्वी मिळत. २००७ साली असे नवे परवाने देणे बंद झाले. त्यानंतर बांधकामापूर्वी बिळे शोधून कासवांना दुसरीकडे हलवण्याची व्यवस्था करण्यात आली. जमिनीखालचे कासव ओरडत नाही. कोणी डोकावून पाहिले नाही तर ते तेथे होते हेही कोणास कळत नाही.

(३) बिळांवरून कासवांचे अनुमान

आरंभी अभ्यासक बिळेच मोजीत. तोंडाशी ताज्या पावलांच्या वा पोट घासल्याच्या खुणा असलेले ते राबते बीळ; आकार शाबूत, परंतु तोंडाशी पालापाचोळा साचलेला असे ते सुने बीळ; आणि ढासळलेले ते टाकलेले बीळ, असे तीन वर्ग त्यांनी केले. परंतु एकच कासव वर्षभरात अनेक बिळे वापरते, आणि नर हा मादीपेक्षा अधिक बिळे वापरतो. तेव्हा बिळे नेहमी कासवांहून अधिक असणार हे उघड आहे.

ही अडचण दूर करण्यासाठी गुणक वापरण्यात येऊ लागला. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात ऑफेनबर्ग आणि फ्रान्झ या अभ्यासकांनी ०.६१४ हा गुणक दिला होता. राबती व सुनी बिळे एकत्र मोजून त्या संख्येला ०.६१४ ने गुणावे, म्हणजे कासवांची संख्या मिळेल, असा त्याचा अर्थ. सोयीचा असल्यामुळे हा गुणक पुष्कळ ठिकाणी वापरला गेला.

पुढे फ्लोरिडातील केनेडी अंतराळ केंद्राच्या भूमीवर ब्रेनिंजर व त्यांचे सहकारी यांनी अनेक क्षेत्रांतील बिळे ऋतुपरत्वे तपासली. त्यांच्या साधनांत बिळात सोडावयाचा कॅमेराही होता. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, कासवे हिंडण्या-फिरण्याच्या ऋतूत राबती व सुनी मिळून शेकडा वीसपेक्षाही कमी बिळांत कासव आढळले. हिवाळ्यात हे प्रमाण पाणथळ भूमीत वेगळे आणि निचऱ्याच्या भूमीत वेगळे होते. सारांश, एका ठिकाणचा गुणक दुसऱ्या ठिकाणी लावणे धोक्याचे ठरते. एका गावच्या शाळेची पावसाळ्यातील हजेरी घेऊन दुसऱ्या गावच्या शाळेची उन्हाळ्यातील हजेरी सांगावी, तसाच हा प्रकार होय.

या फरकाचे गांभीर्य फळ्यावर मांडून दाखवावे. समजा, एका वनात १२०० बिळे आढळली. ०.६१४ या गुणकाने कासवे सुमारे ७३७ येतात. शेकडा वीस या प्रमाणाने ती २४० येतात. गोफर कासवांसाठी काम करणाऱ्या अभ्यासकांच्या मंडळाने २०१३ साली असे ठरवले की, एखादा समूह दीर्घकाळ टिकावयाचा तर त्यात निदान २५० प्रौढ कासवे असावीत. पहिल्या हिशेबाने हे वन निर्धास्त ठरते. दुसऱ्या हिशेबाने ते धोक्यात आहे. बिळे तीच, वन तेच. केवळ आत न डोकावल्यामुळे उत्तर तिपटीने बदलले.

(४) बिळात डोकावण्याची साधने

कॅमेऱ्यापूर्वीही आत पाहण्याचे उपाय होते. आरशाने सूर्यप्रकाश बिळात फेकून पाहता येते. परंतु बीळ वळले की प्रकाश तेथेच अडतो. बिळाच्या तोंडाशी बादली पुरून तिच्यात कासव पडण्याची वाट पाहता येते. परंतु तिच्यावर रोज लक्ष ठेवावे लागते, नाहीतर उन्हाने प्राणी दगावतो. आकडीने ओढून काढणे किंवा बीळ खणणे यांत प्राण्यास इजा होते व त्याचे घरही मोडते.

बिळात सोडावयाच्या कॅमेऱ्याची रचना साधी आहे. कित्येक मीटर लांब, लवचीक पण ढकलता येईल इतकी ताठ नळी असते. तिच्या टोकास लहान कॅमेरा आणि त्याच्याभोवती बारीक दिवे बसवलेले असतात. पुष्कळदा हे दिवे अवरक्त किरणांचे असतात. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, परंतु कॅमेऱ्यास दिसतात. नळीतील तारेने चित्र बाहेरच्या लहान पडद्यावर येते. एक माणूस नळी सावकाश आत सारतो व दुसरा पडद्यावर पाहतो. पडद्यावर बहुधा कासवाच्या पाठीचा मागील भागच वाट अडवून बसलेला दिसतो.

मात्र कॅमेरा म्हणजे दिव्यदृष्टी नव्हे. मध्ये मूळ आडवे येते, बिळात पाणी भरलेले असते, किंवा वळण इतके तीव्र असते की नळी पुढे जात नाही. अशा बिळाच्या नोंदीत "रिकामे" असे लिहीत नाहीत. "अनिश्चित" असे लिहितात. हा भेद मुलांच्या मनावर चांगला ठसवावा. "कासव नाही" आणि "कासव आहे की नाही ते कळले नाही" ही दोन अगदी भिन्न विधाने आहेत.

(५) संपूर्ण गणतीची पद्धत

मोठ्या वनातील प्रत्येक बीळ शोधणे शक्य नसते. म्हणून नकाशावर ठरावीक अंतराने सरळ रेषा आखतात व त्या रेषांवरून चालतात. बीळ दिसले की त्याचे रेषेपासूनचे काटकोनातील अंतर मोजतात, तोंडाची रुंदी मापतात आणि कॅमेरा सोडून आत कासव आहे किंवा नाही ते पाहतात. रेषेजवळची बिळे बहुतेक सर्व दिसतात, दूरची गवतात झाकून जातात. दूर जाताना दिसण्याचे प्रमाण कसे घटते हे अंतरांच्या नोंदींवरून काढून, न दिसलेल्यांचाही हिशेब करता येतो.

रुंदीचे माप घेण्यातही मर्म आहे. बिळाची रुंदी कासवाच्या लांबीबरोबर असल्याने तिच्यावरून कासव लहान की मोठे हे कळते. गोफर कासव प्रजननक्षम होण्यास दहा ते वीस वर्षे लागतात, व ते अनेक दशके जगते. एखाद्या वनात नुसती रुंद बिळे आढळली, तर तेथे म्हातारी कासवे पुष्कळ असूनही पिढी खुंटत चालल्याचा संशय घ्यावा लागतो. सातवीचा वर्ग भरलेला, पण पहिलीत नाव घालावयास मूल नाही, अशा शाळेसारखी ती स्थिती होय. तथापि पिलांची बिळे इतकी लहान असतात की ती नजरेतून सुटतात. म्हणून हा निष्कर्षही जपूनच काढावा लागतो.

(६) आपल्या शेतातील तत्सम पद्धत

पट व हजेरी यांतील हा भेद आपल्याकडील शेतीशास्त्रासही परिचित आहे. शेतातील उंदरांचा उपद्रव अजमावताना सर्व बिळे मातीने बुजवतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांतील किती पुन्हा उकरली गेली ते मोजतात. उकरलेली बिळे तीच नांदती समजतात. येथे कॅमेऱ्याची गरज पडत नाही, कारण आतला उंदीर स्वतःच रात्री आपली हजेरी लावतो. मात्र एका उंदराची अनेक बिळे असू शकतात व एका बिळात अनेक उंदीर असू शकतात. तेव्हा उंदरांची नेमकी संख्या यावरून मिळत नाही. उपद्रव वाढला की घटला एवढे कळते.

वर्गातील प्रयोग

प्रयोग पहिला : प्रकाश वळतो का? टाकाऊ नळाचा सुमारे एक मीटर लांबीचा सरळ तुकडा घ्यावा. त्याचे दूरचे तोंड पुठ्ठ्याने बंद करून आत एक खडू ठेवावा. मुलांनी आरशाने ऊन आत पाडून खडू पाहावा. नंतर नळास कोपर जोडून खडू वळणापलीकडे ठेवावा व पुन्हा पाहावे. आता खडू दिसणार नाही. प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून वळणाच्या बिळात दिवा आणि डोळा दोन्ही आत न्यावे लागतात, हे तत्त्व मुलांकडूनच काढून घ्यावे. आरशाचे ऊन कोणाच्या डोळ्यांवर पाडू देऊ नये.

प्रयोग दुसरा : न उघडता मोजणे. काडेपेटीची ४० रिकामी खोकी जमवावीत व त्यांवर १ ते ४० क्रमांक घालावेत. मुलांच्या नकळत १२ खोक्यांत एकेक चिंचोका ठेवावा. मुलांच्या चार तुकड्या कराव्यात. प्रत्येक तुकडीने चिठ्ठ्या टाकून दहा खोकी निवडावीत, ती उघडून पाहावीत व त्यावरून चाळीस खोक्यांत किती चिंचोके असावेत याचा अंदाज वहीत लिहावा. खोकी पुन्हा बंद करून पुढील तुकडीस द्यावीत. चारही अंदाज फळ्यावर लिहावेत. ते सारखे येणार नाहीत. शेवटी सर्व खोकी उघडून खरी संख्या दाखवावी. मुलांचे अंदाज चुकले असे म्हणू नये. नमुना लहान असला की अंदाज खालीवर होतो, व अधिक खोकी उघडली की तो खऱ्याजवळ येतो, हे समजावून द्यावे.

यानंतर सर्व चिंचोके १ ते १५ या क्रमांकांच्या खोक्यांत भरून, चिठ्ठ्या न टाकता पहिली दहा खोकी उघडण्यास सांगावे. अंदाज भलताच मोठा येईल. रस्त्याकडेची सोयीची बिळेच तपासली तर असाच घोटाळा होतो.

सावधगिरी

हा पाठ शिकवताना एक गोष्ट विसरता कामा नये. बिळांविषयी कुतूहल वाढले की मुले शाळा सुटल्यावर बिळे धुंडाळू लागण्याचा संभव आहे. साप बहुधा स्वतः बीळ खणत नाही; उंदराच्या वा घुशीच्या बिळात तो शिरतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मृत्यू पावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिलेला आहे. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील होती. म्हणून बिळात हात, पाय अथवा काठी घालू नये, बिळात पाणी वा धूर सोडू नये, बिळाच्या तोंडाशी वाकून पाहू नये, असे मुलांना निक्षून सांगावे. वर सांगितलेले प्रयोग वर्गात व अंगणात करावयाचे आहेत. खऱ्या बिळाशी मुलांना नेऊ नये. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, दंशाच्या वर आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. रोग्यास धीर देऊन, दंश झालेला अवयव न हलवता, तातडीने दवाखान्यात न्यावे, हेही याच वेळी सांगावे.

स्वाध्याय

१. एका वनात २०० बिळे आढळली. त्यांतील ५० बिळे चिठ्ठ्या टाकून निवडली व कॅमेऱ्याने तपासली. १२ बिळांत कासव आढळले. वनातील कासवांची अंदाजे संख्या काढा. (उत्तर : ४८)

२. वरील उदाहरणात ५० पैकी १० बिळांत पाणी असल्याने कॅमेरा पुढे गेला नाही व उरलेल्या ४० बिळांत मिळून १२ कासवे आढळली, असे समजा. पाणी भरलेली बिळे "रिकामी" मानल्यास आणि ती हिशेबातून वगळल्यास उत्तरात किती फरक पडतो? (उत्तर : ४८ व ६०, फरक १२) वगळलेल्या बिळांत उरलेल्यांइतक्याच प्रमाणात कासवे असतील, असे आपण येथे गृहीत धरले आहे, ते नेहमी खरे असेल का?

३. शाळेच्या हजेरीपत्रकावरून मागील महिन्यातील बाजाराच्या दिवसांची व इतर दिवसांची हजेरी शेकडेवारीत काढा. एका दिवसाच्या हजेरीवरून महिन्याची हजेरी सांगता येईल का? कारणे द्या.

४. "दिसले नाही" आणि "नाही" यांतील भेद दाखवणारी दोन उदाहरणे रोजच्या व्यवहारातून लिहा.

समारोप

या पाठातून विद्यार्थ्याला एका परदेशी कासवाची ओळख होईल, कॅमेऱ्याच्या एका उपयोगाची माहिती होईल आणि शेकडेवारीचा सराव होईल. परंतु याहून मोठा लाभ एका सवयीचा आहे. आकडा ऐकला की तो कशाचा आहे, पटाचा की हजेरीचा, हे विचारण्याची ती सवय होय. मोजणाऱ्याने काय पाहिले, कसे पाहिले आणि काय पाहता आले नाही, हे तिन्ही लिहून ठेवले तरच त्याचा आकडा दुसऱ्याच्या उपयोगी पडतो. नोंदवहीत "अनिश्चित" हा शब्द लिहिण्यास न लाजणारा विद्यार्थी घडला, तर शास्त्राच्या अभ्यासाचा पाया चांगला पडला असे शिक्षकाने समजावे.